दोन बायांचं एक कुत्रं

कुत्री धरायची गाडी खडकमाळाच्या पायथ्याशी लागली ती कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहाला. आम्ही बाया कामाला निघायची वेळ. पाच माणसं जाळी आणि फास लावलेल्या लांब काठ्या घेऊन दोनशे बारा पायऱ्या धापा टाकत वर आली आणि नेमकी माझ्याच ओट्यासमोर उभी राहिली.

"मावशी, इथं कुत्र्यांची मोठी टोळी आहे ना?" त्यांचा मुकादम म्हणाला. "कुठं बसते?"

"आमच्या वस्तीत मोजून अकरा कुत्री आहेत," मी म्हटलं. "त्यातली दोन तुमच्यासमोर शेपटी हलवतायत. टोळी कसली आलीय?"

त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "हे बघा. वरून आलंय. दिवसाला आठशे कुत्री. सकाळी साडेसहा ते आठ खाली उतरतात, दुपारी दोन ते चार वर चढतात. म्होरक्या अंगानं जड आहे, पुढच्या डाव्या पायानं लंगडतो. आधी तो धरायचा, मग बाकीची पांगतात, असा हुकूम आहे."

माझा डावा गुडघा सहा वर्षांपासून गेलेला आहे. सकाळी साडेसहाला सगळ्यांच्या पुढं मी उतरते. अंगानं मी कशी आहे ते सांगायची गरज नाही. मी त्या मोबाइलकडं बघत राहिले आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

आता पहिल्यापासून सांगते. मधेमधे तोंड सुटलं तर ऐकून घ्या, माझं तोंड पहिल्यापासून असंच आहे.

मी सुवर्णा धुमाळ. खालच्या सोसायटीत तीन घरचा स्वयंपाक करते. आमचे हे, दत्ता धुमाळ, फरशी बसवणारे कारागीर. खाली जे टॉवर दिसतात ना, त्यातल्या निम्म्यांची जमीन ह्यांच्या हातची आहे. ही गाडी यायच्या चार वर्षं आधी परांचीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून चाकाची खुर्ची, आणि खुर्चीची चाकं दोनशे बारा पायऱ्या उतरत नाहीत. मागच्या बाजूनं खाणीकडून एक पाऊलवाट आहे, साडेतीन किलोमीटरचा वळसा, तीही दगडाधोंड्यांतून. त्या चार वर्षांत हे दोनदा खाली गेले, दोन्ही वेळा चार गड्यांनी उचलून, दवाखान्यात. ह्यांना फार काही नको असतं. पायथ्याच्या चहाच्या टपरीवर बसायचं, एक कटिंग घ्यायचा आणि येणारीजाणारी माणसं बघायची. एवढ्यासाठी चार वर्षं माणूस झुरतो म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही.

आमची पोरगी ईश्वरी. एकुलती एक. ह्याच वस्तीत दिव्याखाली अभ्यास करून इंजिनीअर झाली आणि महापालिकेच्या 'पदरव' नावाच्या कामावर लागली. खाली महापालिकेनं तिला क्वार्टर दिलं. पहिल्या पगाराच्या रविवारी वर आली ती हातात काचेची तार घेऊन.

"आई, केसाएवढी बारीक आहे बघ," ती म्हणाली. "अशी तार आम्ही शहरातल्या प्रत्येक फूटपाथखाली, प्रत्येक जिन्याखाली पुरलीय."

"कशाला?"

मी पोळ्या लाटत होते. तिनं तार पोळपाटाखाली सरकवली, एका टोकाला बारकं यंत्र लावलं आणि म्हणाली, "आता लाट." मी लाटणं फिरवलं तशी यंत्रावरची रेघ वर-खाली नाचायला लागली.

तिनं समजावलं ते मला कळलं तसं सांगते. काच कितीही स्वच्छ केली तरी आत बारीक बारीक खोट राहतेच. तारेतून प्रकाश सोडला की त्या प्रत्येक खोटीवर आपटून थोडा प्रकाश माघारी येतो. वर पाऊल पडलं की तार नावापुरती ताणली जाते, आणि माघारी येणारा प्रकाश बदलतो. किती वेळानं आला त्यावरून पाऊल कुठं पडलं ते कळतं. कसा बदलला त्यावरून कुणाचं पडलं ते कळतं. सायकल, ढकलगाडी, म्हातारं माणूस, गरोदर बाई, चाकाची खुर्ची, कुत्रं, सगळं वेगळं. लाखो पावलं ऐकवून कॉम्प्युटरला ते शिकवलंय.

"म्हणजे कॅमेरा नाही?"

"कॅमेरा नाही, नाव नाही, चेहरा नाही. मोबाइल असो नसो. आत्तापर्यंत फूटपाथ कुठं व्हायचे? नगरसेवकाच्या दारात. झाडं कुठं लागायची? जिथले लोक इंग्रजीत तक्रार करायचे तिथं. आता जिथं माणसं खरंच चालतात तिथंच सावली, तिथंच बाक, तिथंच उतार, तिथंच लिफ्ट. चालणारा प्रत्येक माणूस एक. कमिशनर एक आणि तू पण एक."

मला पटलं. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. हे खुर्चीतून म्हणाले, "मग आमच्या पायऱ्यांना लिफ्ट?"

"मिळेल की, बाबा. पायऱ्यांच्या कडेनं रुळावरून चढणारी तिरकी लिफ्ट. नऊ दिवस मोजणी होते. रोज सरासरी बाराशे माणसं भरली की मंजूर. आपली वस्ती सोळाशेच्या खाली येतच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि नऊ दिवस कुठले घ्यायचे ते मीच सुचवलंय. नवरात्र. तेव्हा आपली वस्ती सगळ्यात जास्त चालते."

पोरीनं चांगल्यासाठीच केलं. मी पण चांगल्यासाठीच केलं, तीच तर सगळी गोम आहे.

घटस्थापनेला मी खडकजाईच्या देवळात नवस बोलले. आई, लिफ्ट येऊ दे, नऊ दिवस सारी वस्ती अनवाणी चालेल. नवरात्रात आमच्याकडं अर्ध्या बाया अनवाणी चालतातच, त्यात नवल नाही. पण ह्या वेळी मी घरोघर फिरले. बाप्ये, पोरी, सुना, कुणाला सोडलं नाही. शाळेची पोरं तेवढी बुटात राहिली, कारण बाई वर्गात घेत नाहीत. शेजारच्या शमीमभाभीचा सासरा तसाच अंथरुणाला खिळलेला. तिनंही चपला काढून माझ्या दाराशी ठेवल्या. मी म्हटलं, "भाभी, तुम्ही कशाला?" तर म्हणाली, "का? लिफ्टमध्ये फक्त तुझी देवी बसणारे का?"

नऊ दिवस आम्ही पाय फोडून घेतले. ऑक्टोबरचं ऊन, काळा दगड. सकाळी ओळीनं उतरायचं, मी पुढं, शमीमभाभी माझ्या मागं, तिच्या मागं बाकीच्या, एकीचं पाऊल पडलं की दुसरीचं. सातव्या माळेला ईश्वरी वर आली. माझ्या टाचांच्या भेगा बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली बसून तिनं माझे पाय मांडीवर घेतले, मलम लावलं. "किती फुटलेत गं," म्हणाली. लाखो पावलं ऐकलेली ही शहाणी पोरगी. माझे उघडे पाय तिच्या हातात होते आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. जन्मापासून नवरात्रात आईला तसंच बघत आलेली ना. त्यात विचार करण्यासारखं काय असतं?

दसऱ्याला पायथ्याच्या फलकावर निकाल लागला. खडकमाळ पायऱ्या. माणसे, दिवसाला एकशे चार. भटके प्राणी, दिवसाला आठशे. लिफ्ट नामंजूर. खाली बारीक अक्षरात पुढचं होतं, माणसांचा वापर नगण्य असल्यामुळे सदर पायऱ्या निसर्गाला परत देण्यात येत आहेत. तिथं झुडपं लावून 'जीवमार्ग' होईल. तुळशीच्या लग्नानंतर दोन्ही टोकांना फाटक. माणसांसाठी खाणीकडचा पर्यायी मार्ग उपलब्ध आहे. ह्या जीवमार्गासाठी शहराला कुठलंसं बक्षीस पण जाहीर झालं होतं, फोटोसकट.

मी ईश्वरीला फोन लावला.

"मलाही कळत नाही गं," ती म्हणाली. "पण मशीन चुकत नाही, आई. तीनदा तपासलं मी. तुम्ही लोक त्या दिवसांत खाणीच्या वाटेनं जात होतात का?"

"नाही, उडत जात होतो," म्हटलं आणि फोन आपटला.

आणि मग कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ती गाडी आली.

मुकादम अजून मोबाइल धरून उभा होता. शमीमभाभी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचं डोकं माझ्याआधी चाललं. "सुवर्णा," ती म्हणाली, "सोळाशेचं निम्मं किती गं?"

"आठशे."

"म्हणजे दोन बायांचं एक कुत्रं केलंय मेल्यांनी. तू पुढचे दोन पाय, मी मागचे दोन."

बाया फिसकन हसल्या. मग एकेकीचं हसू गेलं. पलीकडच्या लताची सून रडायलाच लागली. मी मुकादमापुढं दोन्ही हात केले. "धरा. म्होरक्या मीच आहे. कुठं टाकता फास? गळ्यात टाकता की कमरेत?"

तो बिचारा चार पायऱ्या मागं सरकला. "मावशी, मला काय माहीत? मला गाडी घेऊन जा म्हटलं, मी आलो." जाळी गुंडाळून ती माणसं खाली गेली. जाताना त्यातला एक जण वाकून आमच्या पायांकडं बघत होता.

दुपारी ईश्वरी आली. दसऱ्याला यायला जमलं नव्हतं म्हणून ओढणीच्या टोकात आपट्याची पानं बांधून आणली होती. आधी बाबांना सोनं दिलं, त्यांच्या पाया पडली. मग माझ्याकडं वळून वाकली. मी पाय मागं घेतले.

"राहू दे. कुत्र्याच्या पाया पडतात होय?"

ती तशीच वाकलेली राहिली. "काय?"

मी सगळं सांगितलं. साडेसहाची वेळ, म्होरक्या, डावा पाय, दोन बायांचं एक कुत्रं. सांगता सांगता तिचा चेहरा पांढरा होत गेला. ती खाली बसली आणि माझ्या टाचांकडं बघायला लागली.

"चपला," ती म्हणाली. "देवा. चपला."

"काय चपला?"

"आम्ही मशीनला जी पावलं ऐकवली ना, ती सगळी बाहेरच्या शहरांतली. बूट-चपलांची. आधी टाच आपटते, मग चवडा. टक, टप. अनवाणी माणूस दगडावर टाच आपटत नाही, चवड्यावर येतो, मऊ पडतो. तसं फक्त जनावर चालतं असं त्याला वाटतं. आणि तुम्ही एकामागं एक, एका लयीत..." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नवरात्र मी सुचवलं, आई. मी."

मला त्या क्षणी तिची दया यायला हवी होती. आली नाही. "मग जा आणि सांग तुझ्या साहेबाला."

"सांगितलं तर सगळ्या शहराची मोजणी रद्द होईल. तीनशे रस्त्यांचे निकाल लागलेत. सरदेशमुख साहेब मला उभी जाळतील." मग ती एकदम रडता रडता हसायला लागली. "खरं सांगू का? ते पण कुत्रंच आहेत."

"म्हणजे?"

"खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा केली. झेंडू, हळदकुंकू, नारळ. कंट्रोल रूमच्या फरशीखालीही एक तार आहे, पाहुण्यांना दाखवायला. सगळ्यांनी बूट बाहेर काढले आणि ओळीनं आत आलो. चौदा जण, साहेब सगळ्यात पुढं. मी कालच बघितलं. त्या वेळची नोंद आहे, सकाळी अकरा दहा. भटकी कुत्री सात. माणसं शून्य. मी म्हटलं, खोलीतल्या तारेत काहीतरी बिघाड असेल. डोक्यातच आलं नाही."

हे खुर्चीत मोठ्यानं हसले. चार वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. ईश्वरीनं माझा हात घट्ट धरला. "पण हे कुठं बोलू नकोस. आतली नोंद तिघांनाच बघता येते, लगेच कळेल कुणी फोडलं. गुपिताच्या कागदावर सही आहे माझी. मी आतून दुरुस्त करते. पुढच्या आवृत्तीत अनवाणी पावलं शिकवते त्याला. दोन वर्षं दे मला. आणि तोवर बाबांना माझ्याकडे आण. माझ्या बिल्डिंगला लिफ्ट आहे."

"आणि शमीमच्या सासऱ्याला कुठल्या लिफ्टनं नेशील?" हे म्हणाले. "मला नको."

"बाबा, दोनच वर्षं."

"बसलोच आहे मी. तू नोकरी सांभाळ."

"आई, बाबांची शपथ घे."

मी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्यांची शपथ. नाही बोलणार." ती गेली. पानं ओट्यावर तशीच राहिली.

मी शपथ पाळणार होते. देवीच्या पायाशी सांगते, पाळणार होते. पण दिवाळीच्या आधी ह्यांच्या पाठीवरची जखम उघडली. बसून बसून होते तसली, आतून सडणारी. चार गड्यांनी पुन्हा उचलून खाली नेलं. डॉक्टर म्हणाले, "दर आठवड्याला आणायचं. एक खाडा केलात तर विष अंगात भिनेल." परत येताना पायऱ्यांच्या कडेला मजूर खड्डे खणत होते. लावायच्या झुडपांची रोपं पिशव्यांत रचून ठेवली होती आणि वरच्या टोकाला फाटकाचे खांब उभे झाले होते. त्यांनी खुर्चीला वाट देण्यासाठी रोपं जरा बाजूला घेतली. एक जण म्हणाला, "मावशी, तुळशीच्या लग्नापर्यंत काय ते जाऊन घ्या."

हरकतींची सुनावणी भाऊबीजेनंतर पाचव्या दिवशी होती. महापालिकेचा हॉल, मोठा पडदा, पाण्याच्या बाटल्या. आम्ही चाळीस बाया गेलो. सरदेशमुख साहेब दिसायला सज्जन, बोलायला गोड. असल्या माणसांची मला जास्त भीती वाटते. ईश्वरी तिसऱ्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसली होती.

"ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो," साहेब म्हणाले. "पण 'पदरव' म्हणजे देशातली सगळ्यात समान व्यवस्था आहे. ती जात बघत नाही, धर्म बघत नाही, कपडे बघत नाही."

"चपला बघते," मी म्हटलं.

"असं तुम्ही म्हणता. पुरावा?"

"आम्ही आहोत की पुरावा. चाळीस जणी बसलोय समोर."

"तोंडी सांगण्याला जागा ठेवली की वशिला येतो, ताई. म्हणूनच तर मशीन आणलं. मोजणीला आव्हान फक्त मोजणीनंच देता येतं. पुढची मोजणी पाच वर्षांनी."

"आणि माझ्या नवऱ्याची पाठ?"

"पर्यायी मार्ग उपलब्ध आहे."

मी मागं वळून बघितलं. ईश्वरी माझ्याकडंच बघत होती. तिनं मान हलवली, अगदी थोडी. नको. मला तिची ती मान दिसली, स्पष्ट दिसली. आणि मला ह्यांच्या पाठीचा वास आठवला.

"तुमच्या हरकतीच्या अर्जामागं नियम छापलाय," मी म्हटलं, "कुठल्याही नागरिकानं शहरातल्या कुठल्याही तारेची कुठल्याही वेळेची नोंद मागितली तर सुनावणीत दाखवायची."

"अर्थात. पारदर्शकता हा तर..."

"मग तुमच्या कंट्रोल रूमची दाखवा. खंडेनवमी. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं."

साहेबांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते म्हणाले, ती तार नागरिकांसाठी नाही. शमीमभाभी उठली आणि म्हणाली, "शहरातलीच आहे ना? की चंद्रावर पुरलीय?" हॉलमधले पत्रकार पुढं सरकले. कारकुनानं साहेबांकडं बघितलं, पत्रकारांकडं बघितलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं. भटकी कुत्री, सात. माणसे, शून्य. खाली एक ओळ होती, पुढचे कुत्रे वयस्क, चाल संथ.

मी आयुष्यात एवढं मोठं हसणं ऐकलेलं नाही. आमच्या चाळीस जणी, पत्रकार, मागं उभे असलेले शिपाई, सगळे. मला मात्र हसू आलं नाही. साहेबांच्या आवाजातली साखर पहिल्यांदा गेली.

"ही नोंद तिघांना माहीत आहे," ते म्हणाले. "कोणी सांगितलं?"

मी म्हणणार होते, मला स्वप्न पडलं म्हणून. तोवर तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी," ईश्वरी म्हणाली. "आणि खडकमाळाच्या पायऱ्यांवर रोज सोळाशे माणसं आहेत. त्यातली एक माझी आई."

पुढचं सगळं पेपरात आलं. फाटकाचे खांब उपटले. रोपं शाळेच्या आवारात लागली. मार्गशीर्षात सगळ्या शहराची पुन्हा मोजणी झाली, ह्या वेळी मशीनला अनवाणी पाय शिकवून, कुबड्या शिकवून, जयपूर फूट शिकवून. खडकमाळावर भरली सोळाशे बावन्न. लिफ्ट मंजूर झाली. सरदेशमुख साहेबांना वरच्या खात्यात बढती मिळाली. ईश्वरीला काढून टाकलं, गुपित फोडल्याबद्दल. क्वार्टर आठ दिवसांत रिकामं करायला लावलं. इथं कुणी तिला दारात उभं करेना, तेव्हा तिनं दुसऱ्या गावी नळाच्या मीटरचं काम धरलं.

सामान न्यायला ती वर आली होती. बॅगेत पुस्तकं कोंबत होती, माझ्याकडं न बघता.

"बाबांची पाठ दोन वर्षं थांबली नसती," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

"मग? तोंड कशाला फिरवतेस? चुकले म्हणायला लावू नकोस, मी म्हणणार नाही."

"म्हणू नकोस." तिनं बॅगेची चेन ओढली. "बाबांची जखम उघडली, दवाखान्यात नेलं, हे मला शमीमचाचीनं सांगितलं. तू नाही. तू मला एक फोन केला असतास ना, आई, ईश्वरी, आता बोल, एवढंच, तर मी स्वतः उठून बोलले असते. तुला वाटलं मी नाही बोलणार. माझी आई असून तुला असं वाटलं."

"तू मान हलवलीस. नको म्हणालीस."

"मी म्हणत होते, तू नको. मी बोलते. माझा हात वर जाणार होता."

ती बाबांच्या पाया पडली, बॅग उचलली आणि पायऱ्या उतरली. बुटांचा आवाज खालपर्यंत येत होता. टक, टप. टक, टप.

पुढच्या नवरात्रात लिफ्ट सुरू झाली; तोवर दर आठवड्याला चार गडीच ह्यांना उचलून दवाखान्यात नेत होते. नवस फेडायचा म्हणून मी पुन्हा अनवाणी. दसऱ्याच्या सकाळी ह्यांना नवा शर्ट घातला, खुर्ची लिफ्टमध्ये लोटली, आणि रुळावरून ती काचेची खोली दोनशे बारा पायऱ्या दोन मिनिटांत उतरली. हे दोन्ही हातांनी काच धरून बसले होते. टपरीवाल्यानं कटिंग दिला आणि पैसे घ्यायला नाही म्हणाला. हे चहा पीत रस्त्याकडं बघत बसले, पण येणारीजाणारी माणसं बघत नव्हते. एसटीच्या थांब्याकडं बघत होते. ह्यांनी तिला फोन केला होता, मला न सांगता.

दहाच्या सुमाराला ती आली. बारीक झाली होती. वाकून बाबांना सोनं दिलं, खुर्चीच्या पायदानावर डोकं टेकलं. ह्यांनी तिच्या पाठीवरून किती वेळ हात फिरवला. मग ती माझ्यासमोर उभी राहिली आणि आपट्याचं पान माझ्या हातात ठेवलं.

मी उभीच होते. उघडे पाय, टाचा फुटलेल्या. सांगायला लाज वाटते, पण मी उजवा पाय थोडा पुढं केला.

तिनं पायाकडं बघितलं. मग पर्समधून मलमाची नवी ट्यूब काढली आणि तीही माझ्या हातात ठेवली.

"लावून घे," म्हणाली. "साडेअकराची गाडी आहे माझी."

ती थांब्याकडं निघाली. मी हाक मारायला तोंड उघडलं. शिव्या किती येतात मला, माफी मागायचा एक शब्द तेवढा कधी तोंडात आला नाही. एसटी आली आणि गेली.

"चल," हे म्हणाले. "वर चल."

"अहो, आत्ताच तर उतरलो. पाच वर्षांनी टपरीवर आलाय. बसा की जरा."

"वर ने मला, सुवर्णा."

मी खुर्ची लिफ्टमध्ये घेतली. दार लागलं. फरशीखालच्या तारेनं आम्हाला ऐकलं, आणि यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, एक चाकाची खुर्ची, एक अनवाणी व्यक्ती, आपलं स्वागत आहे. मुठीतलं आपट्याचं पान घामानं ओलं झालं होतं. मी ते टाकलं नाही.